नागपुरात घरून कोड लिहायचा आहे? आधी हे वाचा, मग बर्डीच्या बाजारात जा

कॉलेज संपवून घरूनच काम मिळालेली, पुण्या-बंगळुरूहून परत आलेली, नाहीतर परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नोकरी करता करता आठवड्याचे काही दिवस घरी बसणारी मुलंमुली मला पहिला प्रश्न एकच विचारतात: कोणता लॅपटॉप घेऊ? माझ्या यादीत लॅपटॉप सहाव्या नंबरावर आहे. त्याच्या आधी जागा, थंडावा, लाइन म्हणजे वीज, इंटरनेट आणि बूड टेकायची सोय येते. व्हिडिओत दिसणारी सुंदर टेबलं बहुतेक वेळा एसी खोलीतली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि त्या दिवसांतही डेडलाइन येतेच.

म्हणून या लेखातला क्रम घराला जे आधी लागतं त्याचा आहे. पैसे थोडे असतील तर वरून खाली या, आणि जिथे संपतील तिथे थांबा. खालच्या पायऱ्या पुढच्या पगारावर ढकलता येतात, वरच्या नाही.

१. खोली आणि भिंत ठरवा

वरच्या माळ्यावरची, पश्चिमेच्या भिंतीची खोली शक्य असेल तर टाळा. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सातनंतरही आत उष्णता सोडत राहतो. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचे कॉल नेमके त्याच वेळी असतात. दुसरी खोलीच नसेल तर मार्च संपायच्या आत गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारून घ्या. भाड्याचं घर असेल तर घरमालकांशी आधी बोला. बहुतेक घरमालक हो म्हणतात, कारण स्लॅब त्यांचाच वाचतो.

टेबल खिडकीला काटकोनात ठेवा. खिडकी पाठीमागे असली की स्क्रीनवर चकाकी येते, समोर असली की डोळे दिपतात. शिवाय आपल्याकडे खिडकीत कूलर बसतो, त्यामुळे खिडकीसमोरची जागा तशीही लॅपटॉपसाठी नाही.

२. कूलर: कुठे, कसा आणि कधीपर्यंत

या शहरात वर्षाचे तीन महिने कूलर हेच तुमचं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण असतं. बहुतेक लॅपटॉप कंपन्या खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहून देतात. त्याच्या वर गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सकाळी दोन मिनिटांत होणारं बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणं) दुपारी रेंगाळत असेल, तर कोड तपासण्याआधी खोलीचं तापमान बघा. पंखा नसलेल्या लॅपटॉपांवर, मॅकबुक एअरसारख्या, लांबलचक बिल्डच्या वेळी हे लवकर जाणवतं.

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणून त्याला बाहेरची कोरडी हवा हवी आणि आतली दमट हवा बाहेर जायला वाट हवी. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली चिकट होते, आणि तो दमटपणा तुम्हालाही सोसत नाही, मशीनलाही नाही. समोरचं दार किंवा दुसरी खिडकी हातभर उघडी ठेवा.

झोत टेबलावर थेट येऊ देऊ नका. ताट्या नवीन असताना किंवा पंप जास्त पाणी सोडत असताना हवेबरोबर बारीक थेंब येतात. बोरिंगचं पाणी जड असेल तर ते थेंब वाळल्यावर स्क्रीनवर आणि पोर्टमध्ये पांढरे डाग सोडतात. झोत तुमच्या पाठीवर किंवा बाजूने यावा, मशीन त्याच्या वाटेतून बाहेर असावं.

ताट्यांमध्ये लाकडी गवताची ताटी स्वस्त, पण दर उन्हाळ्याला बदलावी लागते. हनीकोंब पॅड महाग, मात्र काही हंगाम टिकतात. वाळ्याचा वास मला स्वतःला इतका आवडतो की मी एक बाजू वाळ्याचीच ठेवतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करा, डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात.

जूनमध्ये पाऊस लागला की कूलरचं काम संपलं. हवा आधीच दमट असते, तेव्हा तो नुसता ओलावा वाढवतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, कामाला आलेली मांडणी जुलैत बदलावी लागेल, हे आधीच धरून चाला.

३. लाइन: अर्थिंग आधी, इन्व्हर्टर नंतर

या पायरीकडे सगळ्यात कमी लोक लक्ष देतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? दोन पिनांचा चार्जर असेल किंवा घराचं अर्थिंग नावापुरतं असेल तर तसं होतं. आपल्या भागातली जमीन बरीचशी काळी आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात वाळून भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती अशी कोरडी झाली की वीज जमिनीत उतरायला वाट राहत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत तुम्ही कूलर, इन्व्हर्टर आणि मशीन एकदम चालवता, त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं.

वायरमनला बोलावून टेबलाजवळच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट ठीक. पाचच्या पुढे आकडा गेला तर आधी ते दुरुस्त करा, मग बाकीचं सामान आणा. मल्टिमीटरची सवय नसेल तर सॉकेटमध्ये स्वतः प्रोब घालू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहा, एवढ्यानेही फरक पडतो. पिन मात्र तीनचीच वापरा. तिसरी पिन कापून किंवा दोन पिनांचा जोड लावून काम भागवलं, तर वरचं सगळं वाया गेलं.

इथे एक सापळा आहे. दुकानात एक्स्टेंशन बोर्ड आणि स्पाइक गार्ड शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला सारखेच असतात. सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून बचाव) असं खोक्यावर लिहिलेलं नसेल तर तो नुसता बोर्ड आहे. आणि मे-जूनमधल्या अवकाळी वादळात, विजा कडाडत असताना, चांगल्यातला चांगला स्पाइक गार्डही भरवशाचा नाही. तेव्हा प्लग काढा, राउटरची वायरही काढा, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

आता इन्व्हर्टर. आधी भाराची बेरीज करा. लॅपटॉप ६५ वॅट, मॉनिटर ३०, राउटर १०, साधा छताचा पंखा ७५, दिवा १०. झाले १९० वॅट. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकाराने १८०० वॅट-तास होतात, पण प्रत्यक्षात त्यातले ६०-६५ टक्केच हाती येतात असं धरा. म्हणजे ११००-१२०० वॅट-तास, १९० वॅटला सहा तासांच्या आसपास. त्यावर १८० वॅटचा कूलर चढवला की तेच तीन तासांवर येतं. एसी या हिशेबात बसतच नाही. दीड टनाचा एसी एकटाच दीड हजार वॅटच्या घरात खेचतो. म्हणून एसी असलेल्या घरातही मी एक कूलर ठेवायला सांगतो.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखे आणि कूलरची मोटार घुरघुरते आणि तापते. डेस्कटॉप वापरत असाल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइन गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात मशीन बंद होतं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला हा प्रश्न नाही. घरून काम करणाऱ्याने लॅपटॉपच घ्यावा असं मी म्हणतो, त्याचं हे मोठं कारण आहे. बॅटरीतलं डिस्टिल्ड पाणी उन्हाळ्यात लवकर उडतं, एप्रिल ते जून दर महिन्याला पातळी बघा.

४. इंटरनेट

जोडणी घेताना वेगाचा आकडा सगळेच विचारतात. तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारा.

पहिला: फायबर माझ्या घरात येते, की इमारतीतल्या डब्यापर्यंत येऊन पुढे लॅनची वायर येते? घरापर्यंत आलेल्या फायबरच्या वाटेत जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागत नाही. तुमचा राउटर चालू असेल तर मोहल्ल्याची लाइन गेली तरी नेट चालू राहण्याची शक्यता बरीच. डब्यात स्विच बसवलेला असेल तर तो कुणाच्या तरी घरातल्या विजेवर चालतो. त्यांच्याकडे इन्व्हर्टर नसेल, तर तुमच्याकडे असून काही उपयोग नाही.

दुसरा: अपलोडचा वेग किती? कॉलवर तुमचा चेहरा, स्क्रीन आणि कोड वरच जात असतो.

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. तो घेताना राउटरच्या अडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. काही राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असं नाही. फोनमध्ये ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम ठेवा, आणि राउटरपासून टेबलापर्यंत कॅट ६ वायर ओढा. ही वायर या सगळ्या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधान देणारी खरेदी आहे.

५. टेबल आणि खुर्ची

तयार टेबलापेक्षा सुताराकडून करून घेणं मला जास्त पटतं. चंद्रपूर-बल्लारपूरकडचं सागवान आपल्याला जवळ आहे, पण त्याची इथे गरज नाही. १९ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड, वर मॅट फिनिशचा सनमायका, लांबी निदान १२० सेंटिमीटर आणि खोली ७० ते ७५. बाजारातली बरीच टेबलं ५० सेंटिमीटर खोल असतात, त्यावर मॉनिटर नाकासमोर येतो. वायरींसाठी मागच्या बाजूला भोक पाडायला आधीच सांगा, सनमायका लावून झाल्यावर पाडलं तर कडा फुटतात.

उंची स्वतःच्या मापाने ठरवा. पाय जमिनीवर सपाट, कोपर काटकोनात, आणि हाताचा पंजा जिथे येईल तिथे टेबलाचा पृष्ठभाग. ठरावीक ७५ सेंटिमीटरचं टेबल बुटक्या माणसाला उंच पडतं, आणि खांदे दिवसभर वर ओढलेले राहतात.

खुर्ची जाळीच्या पाठीची घ्या. रेक्झिनची गुबगुबीत गेमिंग खुर्ची एप्रिलमध्ये पाठीला चिकटते. दुकानात जाऊन निदान वीस मिनिटं बसा, टेकून, पुढे वाकून, दोन्ही तऱ्हांनी. दुकानदार घाई करू लागला तर दुसरं दुकान बघा.

६. लॅपटॉप

आता तो प्रश्न. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, आणि शक्य असेल तर यूएसबी-सीवर चार्ज होणारा. डॉकर, ब्राउझर आणि एडिटर एकत्र चालले की ८ जीबी पुरत नाही. अँड्रॉइडचं काम असेल तर १६ वर थांबू नका, कारण एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, खूप रॅम खातो. घेण्याआधी रॅम बोर्डावर डकवलेली आहे का ते विचारा. असेल तर पुढे वाढवता येणार नाही, आजच पुरेशी घ्या.

बजेट कमी असेल तर कंपन्यांच्या वापरातून परत आलेले जुने थिंकपॅड चांगले. कीबोर्ड उत्तम, सुटे भाग मिळतात, आणि लिनक्स त्यावर नीट चालतं. पण घेताना हे तपासा:

- बायोसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड तर नाही ना
- सेटअप करताना कुठल्या कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागत नाही ना
- तळाचा सिरियल नंबर आणि बायोसमधला सिरियल नंबर एकच आहे ना
- बॅटरी आता मूळ क्षमतेच्या किती टक्के धरते
- दुकानाचं पक्कं बिल मिळतंय का

शेवटचं नसेल तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.

दिवसभर चार्जरला लावून काम करणार असाल तर सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा. उष्णता आणि भरलेली बॅटरी ही जोडी लिथियम पेशींना लवकर म्हातारं करते. पार्किंगमधल्या गाडीत लॅपटॉप कधीच ठेवू नका.

७. स्क्रीन, कीबोर्ड, हेडसेट

२४ इंचाला १९२०×१०८० ठीक. २७ इंच घ्यायचा तर २५६०×१४४०च घ्या. २७ इंचावर १०८० म्हणजे इंचाला जेमतेम ८२ ठिपके, अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात. दुकानात इंग्रजी व्हिडिओ दाखवतात. तुम्ही फोनवरून जोडून एखादं मराठी पान लहान अक्षरांत उघडा. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं सुटी वाचता येत असतील तर स्क्रीन चांगली. पॅनेल आयपीएस, आणि मागे व्हेसाची (ठरावीक मापाची) भोकं असावीत, म्हणजे पुढे मॉनिटर धरणारा हात बसवता येतो.

मेकॅनिकल कीबोर्ड ही चैन आहे, पण करण्यासारखी. निळे स्विच टकटक करतात, घरात कुणी झोपलेलं असेल तर नको. तपकिरी किंवा लाल घ्या. मराठी टंकायला इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिका. कळांवर मराठी अक्षरांची स्टिकरं लावायची गरज पडत नाही, काही आठवड्यांत बोटांना जागा कळतात.

हेडसेटचा माइक तोंडाजवळ येणाराच हवा. कूलरची घरघर तुम्हाला ऐकू येईनाशी होते, पण समोरच्याला ती सबंध कॉलभर ऐकू येते. लॅपटॉपच्या अंगचा माइक तीच आधी पकडतो.

८. सॉफ्टवेअर, या क्रमाने

गिट सगळ्यात आधी. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी लिहिलेलं, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं हे साधन आज जवळपास प्रत्येक टीममध्ये आहे. एसएसएच किल्ली (सर्व्हरला तुमची ओळख पटवणारी फाइलींची जोडी) ईडी२५५१९ प्रकारची बनवा. डॉट-पब शेपटीची फाइल गिटहबवर द्यायची. दुसरी, बिनशेपटीची, कुणालाही नाही, टीम लीडलाही नाही. पासवर्ड आणि एपीआयच्या किल्ल्या असलेली फाइल पहिल्या कमिटच्या (गिटमधल्या पहिल्या नोंदीच्या) आधी गिटइग्नोर या वगळायच्या फाइलींच्या यादीत टाका. एकदा इतिहासात गेलेली किल्ली नुसती फाइल पुसून जात नाही, ती रद्द करून नवीन घ्यावी लागते.

एडिटर व्हीएस कोड घ्या आणि त्यात ऑटो सेव्ह चालू करा. टर्मिनलमध्ये चालणारा विम हा एडिटरही शिका. विमबरोबर विमट्यूटर येतो, अर्ध्या तासात प्राथमिक हालचाली कळतात. कुठल्याही सर्व्हरवर उतरलात की तिथे तुमचा सजवलेला एडिटर नसतो, विम किंवा व्हीआय बहुतेक असतो.

विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल बसवा, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालतं. प्रोजेक्ट लिनक्सच्या बाजूच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवला की फाइलींची प्रत्येक ये-जा मंदावते, आणि नवी मुलं दोष लॅपटॉपला देतात.

टर्मिनलचं सत्र जिवंत ठेवणारं टीमक्स माझ्यासाठी या यादीतलं सगळ्यात लाडकं. सर्व्हरवर टीमक्सच्या आत काम सुरू करा. मग इकडे लाइन जाऊ दे, नेट तुटू दे, तिकडचं काम चालूच राहतं. परत जोडलं की पडदा जसा होता तसा समोर येतो. पूर्वी तासभर चालणारं डेटाबेस मायग्रेशन सुरू केल्यावर मी राउटरच्या दिव्याकडे बघत बसायचो. आता उठून चहा करतो.

शोधायला रिपग्रेप आणि एफझेडएफ, डेटाबेस बघायला डीबीव्हर, पासवर्डसाठी बिटवॉर्डन. हे सगळं फुकट सुरू करता येतं.

आणि चाचणीच्या डेटात मराठी नावं ठेवा. ‘क्षि’ हे वाचायला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये ते ४ कोड पॉइंट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. नाव पन्नास बाइटांवर कापणारा कोड लांब मराठी नाव अक्षराच्या मधोमध कुठेतरी तोडतो. ही चूक पकडायला मराठी माणूस टीममध्ये असणं किती कामाचं आहे, हे मुलाखतीत जरूर सांगा.

९. बॅकअप

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. कोड गिटवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सेटिंगच्या फाइली, एसएसएच किल्ल्या, बिलं, करारपत्रं गिटवर नसतात. बाहेरची एसएसडी आणि रेस्टिकसारखं साधन पुरे. महिन्यातून एकदा एखादी फाइल त्यातून परत काढून बघा.

१०. कागद एका फाइलमध्ये

- ब्रॉडबँडसाठी आधार आणि पत्त्याचा पुरावा; भाड्याचं घर असेल तर करारपत्र
- भिंतीला भोक पाडायला, अर्थिंगला हात लावायला घरमालकांची लेखी परवानगी, मेसेजवर असली तरी चालेल
- प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल. कंपनी पैसे परत देणार असेल तर बिल कुणाच्या नावाने हवं ते आधी विचारून
- स्वतंत्र काम करत असाल तर ही बिलं सीएला द्या, कारण पूर्ण हिशेब ठेवणाऱ्याला संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो
- लॅपटॉप, मॉनिटर, इन्व्हर्टरची बॅटरी यांचे सिरियल नंबर आणि वॉरंटी कार्डं. बॅटरीच्या कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख लागते, ती तिथेच उभं राहून घ्या

बर्डीला बिनबिलाचा भाव वेगळा सांगतात. तो घेऊ नका. वॉरंटी लागण्याची वेळ बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात येते.

११. मुद्दाम लाइन घालवून बघा

सगळं मांडून झालं की एका मित्राला व्हिडिओ कॉल लावा, कोड चालू ठेवा, आणि घरातल्यांना सांगून मेन स्विच खाली पाडा. कॉल तुटला का? मॉनिटर मिटला का? राउटरचे दिवे गेले का? कूलर इन्व्हर्टरच्या सर्किटवर आहे का, की तो बंद पडला? तासभर तसंच काम करा आणि बॅटरी किती उतरली ते नोंदवा. हे मार्चच्या शेवटी, दुपारी करा, म्हणजे वायरमनला वेळ असतो आणि उन्हाळ्याची गर्दी व्हायच्या आत दुरुस्ती होते. जे बंद पडेल ते पुढच्या खरेदीत सगळ्यात वर लिहा.